कडूबाच्या मांडीतल्या चुली

मपल्या नवऱ्याचं नाव कडूबा.

बघा, घेतलं का न्हाई? उखाणा न्हाई, बिखाणा न्हाई, सरळ घेतलं. गेल्या वैशाखाच्या आधी मला कुणी लिंबाला टांगलं असतं तरी हे नाव तोंडातून निघालं नसतं. आमच्यात जुन्या बाया नवऱ्याचं नाव घेत न्हाईत. नाव तर न्हाईच, नावासारखा शब्दबी न्हाई. आता एखादीच्या नवऱ्याचं नाव गणपत असलं तर तिचं काय अडतं? माझ्या नशिबी आलं कडू! कारलं कसं लागतं म्हणून कुणी विचारलं की मी म्हणायची, उलटं लागतं. चहा जास्त उकळला तर उलटा झाला. मेथी उलटी, काढा उलटा, खवट शेंगदाणाबी उलटा. गल्लीत नवी सून आली की तिला वाटायचं, कौसाबाईला उलट्या होऊन राह्यल्यात. एकीनं तर मला लिंबू-सरबत आणून दिल्तं.

ह्यांचं नाव असं काहून, तर सासूबाईची आधीची लेकरं जगली न्हाईत. मंग हे झाले तवा नाव ठेवलं कडू. यमानं चाखावं आन थू करून टाकावं. आन सांगते तुम्हाला, यमानं तस्संच केलं.

आम्ही मस्तगडात राहतो, जालन्यात. हे मोंढ्यात, म्हंजे धान्याच्या बाजारात, हमाल. हमाल म्हंजे काय सांगू, सोयाबीनचं पोतं पाठीवर घेतलं की पोत्यालाच वाटावं आपण हवेत चाललोय. लोक म्हणायचे, काय पाठ हाय! हे चिडायचे. "पाठीनं कोण उचलतं? पोतं मांडीनं उचलायचं असतं. पाठ नुसती खुंटी." आन मांड्या होत्याच तशा. चड्डी शिवताना शिंपी दोनदा माप घ्यायचा, आपलंच चुकलं म्हणून.

आम्हाला लेकरू झालं न्हाई. झालं न्हाई तर झालं न्हाई, रडून झालं तेवढं. पण ह्यांच्या बहिणीची, सुभद्राबाईची लेक भावना, ती आष्टीची. सुट्टी लागली की जालन्याला, आमच्याकडं. एवढीशी होती तवा मोंढ्यात जायची आन ह्यांच्या पाठीवरल्या पोत्यावर बसायची. पोत्याच्या वर पोरगी, पोत्याच्या खाली मामा, आन मामाचं तोंड दिसायचं न्हाई पण हसू ऐकू यायचं. एक दिवस वरून म्हणली, "मामा, माझ्या लग्नातबी असंच न्यायचं हं." खालून आवाज आला, "नेतो की. सोयाबीनपेक्षा तू हलकी."

आमच्याकडं लग्नात भटजीनं हाक दिली की मामा नवरीला घरातून मांडवात आणतो. अंगात जोर असला तर उचलून, न्हाई तर हात धरून. पण आणायचं मामानंच. त्या दिवसापासून हे दर दिवाळीला भावनाला म्हणायचे, "लई खाऊ नको गं, मला उचलायचंय."

मंग पौषात ह्यांचे पाय सुजले. चप्पल बसंना. मोंढ्यात पोतं घेतलं आन चार पावलांवर खाली ठेवलं. दम खाऊन राह्यले. लालमियाँ तिथंच होता. लालमियाँ म्हंजे ह्यांचा जन्माचा दोस्त, हातगाडेवाला. पोतं हे उतरवणार आन गाड्यावर लालभाई नेणार, असं दोघांचं आयुष्य गेलं. त्यानं न विचारता ह्यांनाच गाड्यावर घातलं आन पळत सुटला. "हटो, हटो, जल्दी!" हे वरून म्हणून राह्यले, "लाल्या, आयुष्यभर माल वाह्यला, आज मीच माल!" ह्या माणसाला दम लागला तरी जीभ बराबर चालती.

लालमियाँची धाकटी लेक नाहिद. शिकून मोठी डॉक्टरीण झाली. ह्यांच्याच खांद्यावर बसून तिनं पोळ्याचे बैल बघितल्ते. तिनं ह्यांना दवाखान्यात घातलं, छातीचे फोटू काढले, अंगातलं पाणी उतरायला सुया दिल्या. काही दिवसांनी श्वास बरा झाला. घरी सोडायच्या दिवशी ह्यांना आत मशिनीवर घेतलं आन नाहिद बाहेर माझ्याजवळ येऊन म्हणली, "चाची, चाचाला हार्ट फेल्युअर आहे."

मी 'हार्ट फेल' पर्यंत ऐकलं. पुढचं कोण ऐकतं?

आता तुम्हीच सांगा, आपल्याकडं हार्टफेल म्हंजे काय? पलीकडल्या गल्लीतल्या तेल्याचं हार्टफेल झालं, म्हंजे तिरडी बांधली. अमक्याचं मळ्यात हार्टफेल झालं, म्हंजे तिथंच गेला. हार्टफेल झालं आन माणूस चहा पिऊन राह्यला, असं कुणी कवा ऐकलंय का? मी सुभद्राबाईला फोन लावला, "बाई गं, ह्यांचं हार्टफेल झालं!" आन हंबरडा फोडला. फोन हातातून फरशीवर पडला. त्याचंबी हार्टफेल झालं.

नाहिद माझे खांदे हलवून ओरडून राह्यली, "चाची! चाचा जिंदा आहे! फेल म्हणजे बंद न्हाई, दिल थकलंय! पंप कमजोर पडलाय, रक्त पुरं ढकलत न्हाई, म्हणून पाणी साचलं! गोळ्या घ्यायच्या, मीठ कमी खायचं, बस!" तेवढ्यात हे दार ढकलून सोताच्या पायानं बाहेर आले. म्हणले, "कोण गेलं गं? एवढं कुणासाठी रडून राह्यलीस?" मी ह्यांच्या पाठीत एक धपका घातला. आनंदानं घातला. चूक माझी न्हाई, त्या शब्दाची हाय. असला शब्द ठेवलाच कुणी?

लालभाईच्या फोनवरून आष्टीला फोन लावला तर सुभद्राबाईचा लागंना. ती समद्या पाहुण्यांना कळवून राह्यली होती.

आम्ही घरी आलो. हे ओट्यावर बसले, बशीत चहा घेतला. दुपार कलली तवा गल्लीच्या तोंडाला जीप थांबली आन जीपमधून असा आकांत उठला की कुत्रीबी पळाली. ह्यांनी बशी खाली ठेवली, डोक्यावरली टोपी काढली, ओट्याला धरून उभे राह्यले आन गंभीर होऊन म्हणले, "कुणाचं तरी मोठं माणूस गेलं." सुभद्राबाई छाती पिटत पुढं आली, डोळे मिटलेले, "दादा रे, मला सोडून गेलास रे!"

"मी?" हे म्हणले. "कवा?"

बाईनं डोळे उघडले. भाऊ समोर उभा. ती किंचाळली ती अशी किंचाळली, की भाऊ खरंच गेला असता तरी किंचाळली नसती. मंग मिठी काय, रडणं काय, हसणं काय! हसताहसता तिला उचकी लागली. रखमाजी, म्हंजे ह्यांचा चुलतभाऊ, काळा चष्मा लावून खांदा द्यायला आल्ता. त्यानं जीपमधूनच मोबाईलवर ह्यांचा फोटू टाकल्ता. खाली समई, वर लिहिलेलं, 'भावपूर्ण श्रद्धांजली'. तो घाईनं काढायला लागला तर हे म्हणले, "दाखव तरी. चांगला आलाय की. राहू दे दिवसभर."

आन खरी गंमत पुढं. मयताच्या घरी चूल पेटत न्हाई. मंग सोयरे पिठलं-भाकर घेऊन येतात. त्याला म्हणतात कडू घास. माझ्या भाषेत उलटा घास. आष्टीहून परत कोण येणार, म्हणून बायांनी तो संगटच बांधून आणल्ता. आता जिवंत माणसाच्या घरात मयताची भाकर, हिचं करायचं काय? बाया एकमेकींकडं बघून राह्यल्या. ह्यांनी गाठोडं ओढलं, सोडलं, भाकर मोडली. "माझ्या नावचा हाय ना? नावबी कडू, घासबी कडू. मंग दुसरं कोण खाणार?" आन एक घास खाल्ल्याबराबर थांबले. "सुभे, मीठच न्हाई की."

"रडतारडता मीठ कोण टाकतं रे दादा?"

"बिलकुल डॉक्टरीणबाईनं सांगितल्यावानी झालंय," हे म्हणले आन चाटूनपुसून खाल्लं. त्या दिवशी आमच्या घरात मी लग्न होऊन आले तवापासून कधी ऐकलं न्हाई एवढं हसू झालं.

पण जाताना समद्यांनी बजावलं, आता ह्यांना हलू द्यायचं न्हाई. दिल फेल हाय, हलला की गेला. मंग काय, बाजेवर टाकले. पाण्याचा तांब्या उचलायला गेले की मी ओरडायची. उठून बसले की शेजारीण ओरडायची. दाराबाहेर पाऊल टाकलं की आख्खी गल्ली ओरडायची. बाजेवर खाणं, बाजेवर चहा. गोळ्यांनी लघवी सुटली आन पायाची सूज उतरत गेली. मी मनात म्हणलं, चला, पाय पहिल्यासारखे झाले, माणूस सुधरलं.

माघ संपता संपता एक दिवस मी ह्यांचे पाय चोळायला बसले. पोटरी चोळली, गुडघा चोळला, हात वर सरकवला आन सरकतच गेला. तिथं मांडीच न्हाई! सुजेच्या खाली मांडी असंल, असं मी धरून चाललेले. सूज गेली आन बघते तर कातडं आन हाड. माझ्या दोन हातांत मावायची न्हाई ती मांडी एका मुठीत आली. हे म्हणले, "चिमणीच्या तंगड्या झाल्या का गं?" मी हसले न्हाई. पहिल्यांदाच मला भ्या वाटलं, हार्टफेल ऐकलं त्याच्याहून जास्त भ्या. तवा एका झटक्यात गेले असं वाटल्तं. हे तर माझ्या हाताखाली रोज थोडे थोडे जाऊन राह्यल्ते आन मीच अंथरूण घालून देत होते.

त्याच आठवड्यात सुभद्राबाईचा फोन आला. भावनाचं जमलं, वैशाखात लग्न, आष्टीलाच. ह्यांनी बाजेवरून हात वर करून आनंदानं आरोळी ठोकली. मंग ती चाचरत म्हणली, "वहिनी, दादासाठी कूलरपुढं खुर्ची टाकू. भावनाला मांडवात रखमाजी आणील. दादाला काही झालं तर? आन लोकबी म्हणून राह्यलेत, ज्याच्या नावचा कडू घास झाला त्यानं नवरीला हात लावू न्हाई."

फोनचा आवाज मोठा होता. ह्यांनी समदं ऐकलं. सोताच्या मयताला हसलेला माणूस, पण ह्यावर हसला न्हाई. भिंतीकडं तोंड करून निजले. चहा दिला तर घेतला न्हाई. मी पाठीला हात लावला तर पाठ हलून राह्यली होती.

माझं टकुरं सरकलं. उभ्या उभ्या लालभाईचा गाडा आणवला, ह्यांना वर घातलं आन नाहिदच्या दवाखान्यात नेऊन आदळलं. "दवा बदल! एवढ्या गोळ्या खाऊन दिल तसंच. चार पावलं टाकली की भात्यावानी दम. कसली डॉक्टरीण तू?"

नाहिदनं छाती ऐकली, पाय दाबले, मशिनीवर बघितलं. म्हणली, "चाची, फुफ्फुसात पाणी न्हाई. सूज न्हाई. दिलबी आधीपेक्षा बरं चाललंय." मंग ह्यांना म्हणली, "चाचा, हात छातीवर घ्या आन ह्या खुर्चीवरून उठा."

हे उठायला गेले. ढुंगण जरासं उचललं आन धप्पकन खाली. दुसऱ्यांदा, पुन्हा धप्प. आख्ख्या मोंढ्याची पोती उचलणारा माणूस, त्याला सोताला उचलता येईना. लालभाईनं तोंड फिरवलं.

"हा दम आता एकट्या दिलाचा न्हाई," नाहिद म्हणली. "मांडीचा बी आहे."

"मांडीला कवापासून दम लागायला लागला?" मी खेकसले.

मंग तिनं सांगितलं, आन माझ्या डोक्यात बराबर शिरावं असं सांगितलं. म्हणली, "चाची, मांडीच्या मासात बारीक बारीक चुली असतात, लाखो. रक्त येतं, चुली पेटतात, त्यावर मांडी चालते. दिल कमजोर झालं, रक्त कमी आलं, तर चुली एकेक करून विझायला लागतात. मासाचे धागे असतात दोन तऱ्हेचे. एक दिवसभर राबणारे, एक झटक्यात जोर लावून थकणारे. ह्या बीमारीत राबणारे कमी होतात, जल्दी थकणारे उरतात. वरून शरीर सोताचंच मास खायला लागतं. मंग थोडं चाललं की मांडी बोंब मारते, मेंदूला वाटतं हवा कमी पडली, आन दम लागतो. तुम्हाला वाटतं दिल गेलं. खरं तर मांडी ओरडून राह्यलेली असते."

"मंग आराम करावा का न्हाई?"

"आरामानं तर उरलेल्याबी विझतात! एवढा आराम कुणी सांगितला तुम्हाला?"

"समद्या आष्टीनं," हे म्हणले.

नाहिद हसली, मंग कपाळाला हात लावून म्हणली, "पहिल्या आठवड्यात आराम ठीक होता. त्यानंतर मला विचारायचं ना, चाची." मी म्हणलं, "विचारलं असतं तर परत कुठला तरी शब्द सांगितला असता तू." तिनं हात जोडले. जिंकले मी.

पण ह्यांनी एकच विचारलं, "बेटा, वैशाखापर्यंत पेटतील का चुली? मला एक पोरगी आणायचीय मांडवात."

"थोड्या पेटतील," नाहिद म्हणली. "झूट न्हाई बोलणार, चाचा. पोतं आता विसरा. उचलूनबी न्हाई. पण चालत आणाल, हे होऊ शकतं. दिल मी सांभाळते. मांडी तुम्ही."

दुसऱ्या दिवसापासून आमच्या ओट्यावर तमाशा सुरू झाला. लोखंडी खुर्ची मांडायची. हे उठणार, बसणार, उठणार, बसणार. आधी हातांनी जोर लावून, मंग एका हातानं. लालभाई समोर उभा राहून मोजायचा, "एक! दो! अरे कडू, ये आधा हुआ, आधा गिनती में नहीं." हे म्हणायचे, "लाल्या, शाळेत उठाबशा काढल्या न्हाईत म्हणून आता काढायला लावतोस का?" मंग फिरायला निघायचं. हाताशी आधार पाहिजे, म्हणून रिकामा हातगाडा ढकलत. नाहिदनं पक्कं सांगितल्तं, चालता चालता बोलता आलं पाहिजे. बोलणं तुटलं की थांबा. छातीत दुखलं, चक्कर आली, तर चालणं बंद आन मला फोन. रोज सकाळी वजन, एकदम वाढलं तर पाणी साचून राह्यलंय असं समजा.

आता बोलायची अट ह्या दोघांना घालणं म्हंजे माशाला पोहायची अट! गाडा पुढं, भांडण मागं. एकदा भांडता भांडता हे मधीच गप्प झाले तर लालभाईनं घाबरून गाड्याला ब्रेक लावल्यावानी पाय रोवले. "दम लगा?" हे म्हणले, "न्हाई रे, तुझं बराबर होतं, म्हणून गप्प बसलो." वजन मोंढ्यातल्या काट्यावर. मालावानी चढून उभं राह्यचं आन काटेवाला ओरडायचा, "कडूबा एक नग!"

गल्लीतले विचारायचे, रिकामा गाडा घेऊन काय विकता? हे म्हणायचे, "चुली." राधेश्याम आडत्यानं ह्यांना गाडा ढकलताना बघितलं आन हातातली पावती सोडली. "अरे, तुला तर आम्ही ग्रुपवर श्रद्धांजली वाहिली!" हे म्हणले, "वाहिली ना शेठ? मंग राहू द्या. पुढच्या वेळेला कामाला येईल."

नाहिदनं डाळ, अंडी खायला सांगितली. अंडं माझ्या चुलीवर शिजत न्हाई. मंग लालभाईची बायको, बदरुन्निसाभाभी, सकाळी उकडून डब्यातून पाठवायची. झाकण उघडलं की मी नाक धरायची आन हे डोळे मिटून खायचे. मीठ मात्र भाभीलाबी घालू दिलं न्हाई.

मांडी काही पहिली झाली न्हाई. खोटं कशाला सांगू. पण एक दिवस ह्यांनी हात छातीवर घेतले आन खुर्चीवरून उठले. पूर्ण. लालभाई मोजायचं विसरून नाचायला लागला. मी आत जाऊन रडून घेतलं आन बाहेर येऊन म्हणलं, "त्यात काय एवढं, मी रोज उठते."

वैशाख आला. आष्टीच्या मांडवात ही गर्दी! कूलरपुढं खुर्ची टाकलेली होतीच. प्लास्टिकची, बुटकी, पोटातून वाकलेली. खाली शेतातली भुसभुशीत माती. ह्यांना मानानं त्यात बसवलं. रखमाजी फेटा बांधून, अत्तर लावून, दाराजवळ घिरट्या घालून राह्यल्ता. सुभद्राबाईला मी सकाळीच सांगितल्तं, हे आणतील. ती म्हणली, "वहिनी, मला माझा भाऊ पाहिजे गं, जिवंत. एकदा रडून झालंय, परत न्हाई जमायचं." तिचंबी काय चुकलं? तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

भटजींनी माईकवर हाक दिली, "मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं!"

रखमाजीनं फेट्याचा शेव झटकला. इकडं ह्यांनी हात छातीवर घेतले, पुढं झुकले, जोर लावला. खुर्चीचे मागचे पाय मातीत रुतले आन हे धप्पकन खाली बसले. आख्ख्या मांडवानं बघितलं. सुभद्राबाई लांबून हातानं खुणावून राह्यली, बस दादा, बस. पाठीमागून कुणी म्हातारी पुटपुटली, "घास झालाय त्याचा." रखमाजीचा पाय उंबऱ्यावर पडला.

ह्यांनी गर्दीतून माझ्याकडं बघितलं. भिंतीकडं तोंड केलं होतं तवाचंच ते तोंड.

माझ्या मुठीत अक्षदा होत्या. बायांमध्ये उभी होते. मला पुढचं काही आठवत न्हाई, नुसता माझाच आवाज आठवतो.

"कडूबा! ऊठ!"

बँडवाल्याची पिपाणी अर्ध्यात राह्यली. बायांनी पदर तोंडाला लावले. नाव घेतलं ते घेतलं, अहोजाहोबी गिळलं! लग्नात उखाण्यात घेतल्यावर त्या माणसानं माझ्या तोंडून आपलं नाव पुन्हा ऐकलंच नव्हतं. हे माझ्याकडं बघतच राह्यले, तोंड उघडं. आन त्या नादात उठले. हात छातीवर, सरळ, ताठ. मातीतली खुर्ची मागं आडवी झाली आन गर्दीतून लालभाई ओरडला, "एक!"

हे चालत दाराशी गेले. रखमाजीला म्हणले, "सरक रे, श्रद्धांजली." म्हातारीकडं वळून म्हणले, "मावशे, त्यो घास मीच खाल्ला. जिभेवर चव हाय अजून. खाणारा मेलेला असतो का?" म्हातारी आधी दचकली आन मंग बोळकं उघडून हसायलाच लागली.

भावना आतून आली. मुंडावळ्या, हिरवा चुडा, माझी ती एवढीशी पोरगी. हे म्हणले, "उचलू का?"

"नको मामा," ती म्हणली. "चालायचं. आन बोलत चालायचं, मामीनं सांगून ठेवलंय मला."

दोघं हातात हात घालून निघाले. ह्यांनी बोलायला सुरुवात केली. सोयाबीनला काय भाव, नवरदेवाच्या मिशीचा एक कोपरा वर काहून, आष्टीचं पाणी खारट. पोरगी मुंडावळ्यांच्या मागून खिदळून राह्यली. मी मनातल्या मनात मोजून राह्यले, दम पुरतोय, बोलणं चाललंय, अजून चाललंय. अर्ध्या मांडवात आले आन बोलणं तुटलं. हे थांबले. सुभद्राबाई धावली. लालभाईनं खुर्ची उचलली.

भावना वाकून म्हणली, "दम लागला का मामा?"

"न्हाई गं," हे म्हणले. डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. "बोलायला काही सुचंना झालंय."

मंग तीच बोलत राह्यली आन हे चालत राह्यले. बोहल्यापाशी नेऊन तिचा हात सोडला, तवा सुभद्राबाईनं भावाच्या पायांना मिठी मारली. पायांना म्हंजे मांड्यांनाच.

जेवणाच्या पंगतीत सुभद्राबाई आधी ह्यांनाच पाटावर बसवून गोड घास भरवायला आली. बुंदी. हे खाऊन म्हणले, "ह्यात मीठ न्हाई ना?" पंगत हसून लोळली. मंग मी वाढायला वाकले तर माझ्या कानाशी हळूच म्हणले, "कौसे, मघाशी काय म्हणलीस? परत म्हण."

"काय म्हणलं? काही न्हाई म्हणलं."

"म्हण की."

म्हणलं. इकडंतिकडं बघून म्हणलं. आन हे पाटावरून उठायला लागले! मी म्हणलं, "अहो, बसा, जेवण तरी होऊ द्या."

नाहिदला हे समदं सांगितलं तर ती म्हणली, चाची, चालू ठेवा. मंग आता रोज सकाळी आमच्या ओट्यावर लोखंडी खुर्ची असती. मी चहा ठेवून दारात उभी राहते आन हाक मारते, "कडूबा!" हे उठतात. बसतात. "कडूबा!" पुन्हा उठतात. आख्खी गल्ली ऐकते. लालभाई मोजतो. चहा उकळून कडू होतो, आन मी त्याला कडूच म्हणते.